सशाचे मोल

नीतीची चर्चा करणाऱ्या ग्रंथांतून जे प्रसंग उदाहरणादाखल घेतले जातात ते बहुधा मोठे असतात. रणांगणावर आप्तांवर शस्त्र उचलावे की नाही, एकाचे प्राण वाचविण्यासाठी असत्य बोलावे की नाही, राज्य राखावे की वचन राखावे, असे ते प्रश्न. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या आणि बदलीच्या हुकुमासरशी गाव बदलणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्यांच्या वाट्याला असे प्रसंग सहसा येत नाहीत. आपली नीती पणाला लागते ती फार लहान ठिकाणी. जेथे कोणी साक्षीदार नसतो, कोणी जाब विचारणार नसतो आणि ज्याच्याशी आपण वागत आहोत त्याला तक्रारीचा अर्ज लिहिता येत नाही. अशाच एका लहान ठिकाणाविषयी मला येथे लिहावयाचे आहे. ज्याचा काही उपयोग नाही, ज्याचे आयुष्य फार तर आठ-दहा वर्षांचे, बाजारात ज्याची किंमत चपलांच्या एका जोडाएवढी, असे पाळलेले जनावर दुर्धर आजाराने ग्रासले, तर त्याच्यासाठी आपण किती करावे आणि कोठे थांबावे? जनावर म्हणजे येथे ससा, आणि आजार म्हणजे त्याच्या डोळ्यामागे झालेले गळू.

बंगळुरास आलेल्या मराठी माणसाला कानडीतील जे शब्द चकवितात त्यांत ‘मोल’ हा एक आहे. कानडीत मोल म्हणजे ससा. उच्चारात ओकार ऱ्हस्व आणि शेवटचा अकार स्पष्ट, एवढाच काय तो फरक. पशुवैद्यांच्या दवाखान्यात नोंदवही घेऊन बसलेल्या मदतनिसाने टोपलीकडे पाहून “मोल?” असे विचारले, तेव्हा तो जनावराची किंमत विचारतो आहे असे माझ्या पत्नीस वाटले. गैरसमज क्षणार्धात दूर झाला. परंतु तो प्रश्न, मराठी अर्थाने, पुढे कितीतरी दिवस आमच्या घरात वावरत राहिला.

हा ससा आम्ही हौसेने आणलेला नव्हता. आमच्या वसाहतीतील एका अधिकाऱ्यांची ऐन उन्हाळ्यात उत्तरेकडे बदली झाली. सशाला उष्णता सोसत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असलेल्या बंगळुरात तो सुखाने नांदतो. पण एप्रिल-मे महिन्यांतील आगगाडीचा दीर्घ प्रवास त्याच्या जिवावर बेतला असता. त्यांनी तो आमच्या आठ वर्षांच्या मुलीच्या स्वाधीन केला. तेव्हाच त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी झिरपत असे. महिन्याभरात तो डोळा किंचित पुढे आला, पापणी पुरती मिटेनाशी झाली, आणि पशुवैद्यबाईंनी क्ष-किरणांचे चित्र काढून निदान केले.

सशाचे गळू माणसाच्या गळवासारखे नसते. आपल्याकडे पोटीस बांधावे, गळू पिकू द्यावे, फुटले की निचरा होऊन माणूस मोकळा होतो. सशाचा पू वाहता नसतो. तो चक्क्यासारखा घट्ट असून त्याभोवती जाड कोश तयार होतो, आणि रक्तावाटे आलेले औषध त्या कोशाच्या आत नीटसे पोहोचत नाही. शिवाय डोळ्याच्या या दुखण्याचे मूळ पुष्कळदा डोळ्यात नसतेच. सशाचे २८ दात जन्मभर वाढत राहतात आणि गवताच्या चिवट काड्या तासन् तास चघळल्यानेच ते झिजतात. ही झीज पुरेशी झाली नाही, तर वरच्या दाढांची मुळे उलट दिशेने वाढत डोळ्याच्या खोबणीपर्यंत जातात, आणि तेथे पू धरतो. खोबणीत शिरेचा मोठा पसरट फुगवटा असल्याने तेथे शस्त्र चालविणे जोखमीचे. दाढ, गळवाचा कोश आणि बहुधा डोळाही काढावा लागेल. नंतर कित्येक आठवडे जखम धुवावी लागेल, इंजेक्शने द्यावी लागतील, हाताने भरवावे लागेल. आणि इतके करूनही गळू पुन्हा होणार नाही याची शाश्वती नाही, असे बाईंनी स्वच्छ सांगितले. खर्चाचा आकडा आमच्या महिन्याच्या वाणसामानाहून मोठा होता. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या कार्डावर पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांची नावे घालता येतात. सशाची तरतूद त्यात नाही.

साहजिकच आक्षेप आले, आणि ते दोन प्रकारचे होते. कचेरीतील एक स्नेही म्हणाले, “अहो, एवढ्या पैशांत दहा ससे येतील.” आई म्हणाली, “अरे, माणसांना औषध मिळत नाही या देशात, आणि तू सशाच्या डोळ्याला पैसे घालणार? दूर्वा घाल त्याच्यापुढे, आणि देवावर सोड.” हे दोन्ही आक्षेप वरवर पाहता एकाच जातीचे वाटतात, पण तसे ते नाहीत. पहिला मोलाविषयी आहे आणि दुसरा न्यायाविषयी.

स्नेह्यांच्या बोलण्यामागे एक जुनी आणि अगदी व्यवहार्य दृष्टी आहे. आपल्याकडील पशुवैद्यक वाढले ते तिच्याच आधारावर. हेब्बाळला पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ मध्ये निघाले. तेथेच त्यापूर्वी म्हैसूर संस्थानाच्या काळात रोगप्रतिबंधक लस-रसाचे काम सुरू झाले होते, आणि त्या काळी गुरांचा मोठा वैरी होता बुळकांडी. एका साथीत गावेच्या गावे बैलांवाचून ओस पडत. बुळकांडीचे जगातून समूळ उच्चाटन झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. देवीनंतर मानवाने नाहीसा केलेला हा दुसराच रोग. या थोर कार्यामागे करुणा नव्हती असे नाही. पण बैल वाचला की शेत वाचते, हा हिशेब तिच्या पाठीशी उभा होता. सशाच्या पाठीशी असा कोणताही हिशेब उभा नाही. म्हणूनच त्याच्या बाबतीत प्रश्न निर्भेळ स्वरूपात समोर येतो. दहा नवे ससे आणता येतील हे खरे. परंतु त्या दहांच्या येण्याने या एकाच्या खोबणीतील ठणका कमी होणार नाही. वस्तू बदलून मिळते, वेदना बदलून मिळत नाही. ज्याला दुःख होऊ शकते त्याच्याविषयी ‘दुसरा आणू’ हे उत्तर लागूच पडत नाही. ते उत्तर फक्त आपल्या गैरसोयीला दिलेले असते.

आईचा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो हसून उडविण्यासारखा नाही. तिच्या स्वतःच्या औषधाचे पैसे सशाकडे वळवावे लागले असते, तर मी शस्त्रक्रियेस नकार दिला असता आणि तो नकार योग्य ठरला असता. परंतु बहुतेक वेळा आपल्यापुढे निवड अशी नसतेच. सशावर न केलेला खर्च आपण गरिबाच्या मुलाला पाठवीत नाही. तो सणाच्या खरेदीत, हॉटेलात किंवा बँकेत जातो. दीनांचे दुःख आपल्याला आठवते ते नेमके दुसऱ्या एका दीनासाठी हात सैल सोडण्याची वेळ आली म्हणजे. तेव्हा आक्षेप खरा केव्हा आणि सबब केव्हा, हे पैसा कोठून येतो आणि न दिल्यास कोठे जातो यावरून ठरवावे.

येथे कोणी म्हणेल की, खर्च करण्यास हरकत नाही हे मान्य. पण तो करणे कर्तव्य आहे हे कोठून आले? पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनी याची दोन प्रसिद्ध उत्तरे दिली आहेत. कांटच्या मते प्राण्यांविषयी आपले प्रत्यक्ष कर्तव्य नाही; जो जनावराशी निर्दयपणे वागतो तो हळूहळू माणसांशीही तसाच वागू लागतो, म्हणून दया करावी. या मताने ससा म्हणजे माणुसकीचा कित्ता गिरविण्याची पाटी ठरतो. पाटीला दुखत नाही. सशाला दुखते, ही गोष्ट या उत्तरात निसटून जाते. बेंथॅमने १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याच गोष्टीवर बोट ठेवले. प्राण्याला बुद्धी आहे काय, वाचा आहे काय हे विचारू नका; त्याला दुःख होते काय एवढेच विचारा, असा त्याचा आशय. हे उत्तर मला अधिक खरे वाटते. पण ते पुरे पडत नाही. दुःख तर या शहरातील हजारो जिवांना आहे. रस्त्यावरचा लंगडा कुत्रा आहे, पतंगाच्या मांजाने पंख कापलेली घार आहे. मग याच सशासाठी मी इतके करण्यास का बांधला जावे?

आपल्या परंपरेकडे वळावे तर तेथे कथांना तोटा नाही. शिबी राजाने कबुतरासाठी आपले मांस कापून दिले. जातककथेतील सशाने तर अतिथीला देण्यासारखे काही नाही म्हणून स्वतःच अग्नीत उडी घेतली, आणि त्याची आठवण म्हणून चंद्रावर त्याची आकृती उमटली. चंद्राला आपण शशांक म्हणतो, त्याचे स्पष्टीकरण ही कथा असे देते. पण या कथांत कबुतर आणि अतिथी हे वेषांतर केलेले देव निघतात. प्राणी हे निमित्त. कसोटी दात्याची असते. मला त्यांपेक्षा एकनाथांची गोष्ट जवळची वाटते. रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिती केली. तेथे गाढवाला तहान लागली होती आणि नाथांच्या खांद्यावर पाणी होते, एवढेच. ज्याच्याजवळ पाणी आहे आणि ज्याच्या वाटेत तहानलेला आडवा पडला आहे, त्याला आता दुसरी वाट उरलेली नाही.

या ‘वाटेत आडवे पडण्या’लाच आपल्या सरकारी भाषेत एक नेमका शब्द आहे, आणि वाचकांपैकी पुष्कळांनी त्याखाली सह्या केल्या असतील: कार्यभार. बदलून आलेला माणूस कार्यभार स्वीकारतो तेव्हा खुर्ची आणि दौत एवढेच स्वीकारीत नाही; कपाटातील प्रलंबित प्रकरणेही त्याचीच होतात. ‘ही माझ्या वेळची नव्हेत’ असे म्हणण्याची त्याला मुभा नसते. त्याने प्रकरण निर्माण केले नसेल. पण ज्या क्षणी अहवालावर सही झाली त्या क्षणापासून उत्तर त्यालाच द्यायचे असते. सशाच्या बाबतीत आमचे असेच झाले. तो आजारासकट आला, आणि आजारासकट आमचा झाला.

याच्याही मागे एक मोठा कार्यभार आहे, तो सबंध मनुष्यजातीचा. दख्खनच्या माळावर झुडपातून उडी मारून पळणारा आपला रानससा वेगळा आणि पिंजऱ्यातला पांढरा ससा वेगळा. पाळीव ससा हा स्पेन-पोर्तुगालकडील जंगली सशाचा वंशज. माणसाने शेकडो वर्षे त्याची निपज करून त्याचा रंग, त्याचे कान, त्याचा स्वभाव बदलला. ‘सोडून द्या त्याला रानात’ असे पुष्कळजण सहजपणे सांगतात. पण त्याला रान उरलेलेच नाही. बंगळुरातल्या एखाद्या बागेत सोडले तर संध्याकाळपर्यंत तो कुत्र्यांच्या किंवा घारींच्या तोंडी जाईल. आपल्या सेवापुस्तकात निदान गृहनगर म्हणून एका गावाचे नाव असते आणि रजा-प्रवासाच्या सवलतीने तेथे जाताही येते. या प्राण्याचे गृहनगर आपण पुसून टाकले आहे. ज्याला परतण्याची वाट ठेवली नाही, त्याला ‘तू तुझे पाहा’ असे म्हणण्याचा अधिकारही ठेवलेला नाही.

आपल्या कायद्यानेही हीच भूमिका घेतली आहे, हे मला विशेष वाटते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये झाला. त्यासाठी राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी चिकाटीने प्रयत्न केले होते. त्याच्या तिसऱ्या कलमात प्राण्याच्या सुस्थितीसाठी आणि अनावश्यक वेदना टाळण्यासाठी वाजवी ते सर्व उपाय योजण्याचे कर्तव्य सांगितले आहे. ते केवळ मालकावर टाकलेले नाही. ज्याच्या देखभालीखाली किंवा ताब्यात प्राणी असेल त्या प्रत्येकावर टाकले आहे. प्रेमाची अट त्यात नाही, खरेदीच्या पावतीची नाही. ताबा आहे ना, मग कर्तव्य आहे. रूक्ष वाटणाऱ्या या वाक्यात मला पुष्कळ उपदेशांहून अधिक नीती दिसते.

कर्तव्य आहे असे ठरले, तरी ते करावे कसे हा प्रश्न उरतोच. आणि येथे केवळ मायेने भागत नाही, उलट माया कित्येकदा घात करते. मुले सशाला लाडाने गाजर, बिस्किट, पोळी घालतात. चित्राच्या पुस्तकांतला ससा गाजरच खातो. पण त्याचे दात आणि आतडी टिकून राहतात ती गवतावर. माणसाच्या मुलाला आपण निःशंकपणे देतो ती अॅमॉक्सिसिलिनची गोळी सशाच्या तोंडात गेली, तर आतड्यातील उपकारक जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि ससा दगावू शकतो. आणि तरीही पेनिसिलिनच त्वचेखाली टोचले, तर अशाच गळवावर ते गुणकारी ठरते. औषध तेच, दार चुकले की विष. गुरांच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे, त्या गुरांची प्रेते खाणारी गिधाडे देशभर कशी नाहीशी झाली हे आता सर्वांना ठाऊक आहे. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. दया करणाऱ्याने ज्याच्यावर दया करावयाची त्याची शरीररचना, त्याची भूक, त्याची भीती ही सर्व जाणून घ्यावी लागतात. ‘मला कसे वाटेल’ यावरून ‘त्याला कसे वाटत असेल’ हे ठरविणे ही आरंभाची पायरी आहे. तेथेच थांबले तर ती आत्मप्रीती होते.

सशाच्या बाबतीत हे जाणणे फार कठीण, कारण तो दुखणे लपवितो. ज्याला सर्वजण खाण्यास टपलेले आहेत त्याने दुबळेपणा दाखविणे म्हणजे मरण ओढवून घेणे होय. मराठीने ‘ससेहोलपट’ हा शब्द दिला, त्यात त्याची धावपळ आहे. त्याचे मुकेपण मात्र नाही. २०१२ मध्ये संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याचे एक मोजमाप मांडले. डोळ्याचे मिटणे, गालाचे चपटे होणे, नाकपुडीचा आकार, मिशांची आणि कानांची ठेवण, अशी पाच चिन्हे त्यात धरली आहेत. आमच्या रुग्णाचा डोळाच आजारी असल्याने पहिले चिन्ह फसवे होते. उरलेली चार आमच्या मुलीने आमच्याआधी ओळखावयास शिकून घेतली. त्याहून सोपी खूण बाईंनी सांगितली होती: रात्री ठेवलेले गवत सकाळी किती उरले ते पाहा, आणि लेंड्या मोजा. सशाचे आतडे अखंड चालावे लागते. दिवसभर त्याने अन्न घेतले नाही तर आतडे थंडावून प्राणावर बेतते.

माणसाने सशाच्या डोळ्याकडे यापूर्वीही फार बारकाईने पाहिले आहे. पण ते निराळ्या हेतूने. १९४४ मध्ये जॉन ड्रेझ या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौंदर्यप्रसाधने आणि इतर द्रव्ये सशाच्या एका डोळ्यात घालून दाह किती होतो ते पाहत; दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवीत. भारतात प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास २०१४ मध्ये बंदी झाली. उलट, १८८५ मध्ये पाश्चरने जोसेफ माइस्टर या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषापासून वाचविले, ती लस सशांच्या पाठीच्या कण्यातील वाळविलेल्या मज्जेपासून केलेली होती. एका ठिकाणी चैन, दुसऱ्या ठिकाणी जीवदान. दोन्हींचा विचार सारखा होऊ शकत नाही, आणि पाश्चरला दोष देण्याचे धैर्य मला नाही. या ऋणाची फेड आमच्या एका सशाची शुश्रूषा करून होणार नाही. एवढे मात्र कळते की, बारकाईने पाहणे म्हणजे काळजी घेणे नव्हे. पाहणारा कोणासाठी पाहतो आहे, यावर सर्व अवलंबून आहे.

शस्त्रक्रिया झाली. डोळा गेला, गळू निघाले. पुढचे पाच आठवडे जखम खाऱ्या पाण्याने धुणे, त्वचेखाली इंजेक्शन देणे, भिजवून वाटलेला गवताचा लगदा सुई नसलेल्या सिरिंजने जिभेवर सोडणे, हे सर्व घरात चालले. रात्री दोनची पाळी माझी असे. सशाला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते. एक डोळा गेला की अर्धे जग अंधारते. म्हणून डाव्या बाजूने जाताना आधी हाक मारावयाची, असा आमच्या घरात नियम झाला. देवावर सोडा म्हणणारी आईच रोज सकाळी त्याच्यासाठी दूर्वा निवडू लागली. दहा महिने तो चांगला जगला. मग गळू परतले. या वेळी जबड्याच्या हाडात, दोन ठिकाणी. पुन्हा कापता येईल, पण हाड उरेल की नाही सांगता येत नाही, असे बाई म्हणाल्या. वेदनाशामकानेही तो खाईनासा झाला.

येथे मूळ प्रश्नाचा दुसरा भाग उभा राहिला: कोठे थांबावे? आपल्या देशात या प्रश्नाची सर्वांत प्रामाणिक चर्चा १९२८ मध्ये झाली. साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य वेदनांनी तळमळत होते. गांधीजींनी आश्रमीयांशी विचारविनिमय करून त्याला इंजेक्शनने मरण देवविले, आणि ते लपवून न ठेवता आपल्या पत्रांत त्याविषयी लिहिले. अहिंसेच्या उपासकाने गोवंशाची हत्या केली म्हणून त्यांच्यावर संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. त्यांनी माघार घेतली नाही. पण दारही सताड उघडे टाकले नाही. रोग असाध्य ठरलेला असावा, सर्वांनी आशा सोडलेली असावी, कोणतीही सेवा करणे शक्य उरलेले नसावे, आणि रुग्णाला स्वतःची इच्छा सांगणे अशक्य असावे. यांतील एकही गोष्ट कमी असेल तर प्राण घेणे अहिंसेत बसत नाही, अशी त्यांची मर्यादा होती. १९६०च्या कायद्याच्या तेराव्या कलमातही, ज्या प्राण्यास जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल त्याच्या मरणाची तरतूद आहे.

या मर्यादांतील सेवेची अट मला फार मोलाची वाटते. कारण दया दोन वेषांनी आपल्याला फसविते. एक वेष थकव्याचा: रात्रीच्या पाळ्या, खर्च, वास यांना कंटाळलेले मन म्हणते, ‘बिचाऱ्याला सोडवा’, आणि सोडवून घ्यावयाचे असते स्वतःला. दुसरा वेष मोहाचा: ‘शेवटपर्यंत प्रयत्न करू’ असे आपण म्हणतो, आणि तो शेवट सोसायचा असतो त्याला. पहिल्यात आपण आपल्या कष्टांपासून पळतो, दुसऱ्यात आपल्या दुःखापासून. दोहोंतून वाट काढावयास मला एकच प्रश्न सापडला: जे मी करणार आहे ते कोणासाठी? सेवेने त्याला अजून काही मिळत असेल, एक घास, एक ऊन, एक निवांत झोप, तर थकलो म्हणून थांबण्याचा मला अधिकार नाही. आणि सेवेने फक्त मलाच समाधान मिळत असेल, तर ती चालू ठेवण्याचाही अधिकार नाही.

आई या उत्तराशी अखेरपर्यंत सहमत झाली नाही. “प्राण दिला नाही त्याने तो घेऊ नये,” एवढेच ती म्हणाली. मी तिच्याशी वाद घातला नाही, कारण तिचे म्हणणे खोडून काढता येईल असे मला आजही वाटत नाही. त्याला मर्यादा आहे एवढेच वाटते. बाईंनी इंजेक्शन देण्याआधी तिनेच देव्हाऱ्यातल्या गडूतून गंगेचे दोन थेंब त्याच्या ओठांना लावले. मतभेद कायम ठेवून माणसे एका कामात सोबत राहू शकतात, हे मी त्या दिवशी पाहिले.

बाजारभावाने त्या सशाचे मोल होते तेवढेच राहिले. पण ज्यांना आपले दुखणे सांगता येत नाही, किंवा सांगावयाचे नसते, ते केवळ पिंजऱ्यातच असतात असे नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील सातारा, धुळे, चंद्रपूर अशा कोणत्या तरी गावी एकटे राहतात. आपण रविवारी दूरध्वनी करतो, ‘बरी आहेस ना?’ असे विचारतो, आणि पलीकडून ‘बरी आहे’ असे उत्तर येते. मुलाला नोकरी सोडून धावत यावे लागू नये म्हणून दुखणे लपविणारी ती माणसे. त्यांच्या कार्यभाराच्या अहवालावर आपण जन्मतःच सही केलेली असते. पुढच्या रजेत गावी गेल्यावर त्यांना प्रकृती विचारूच नये. त्यांच्या शेजारी जेवावयास बसावे, आणि ताटात काय उरले ते पाहावे.